व्हरमाँटला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी: तरुण जोडप्यासाठी नियोजन

न्यू जर्सीत किंवा बोस्टनजवळ काही वर्षे अपार्टमेंटमध्ये काढलेली मराठी जोडपी व्हरमाँट पहिल्यांदा पाहतात, ते बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मेपलची झाडे लाल झालेली असतात, हवा कोरडी असते, आणि परतीच्या वाटेवर गाडीतच "इकडेच राहायला आलो तर?" हा विषय निघतो. विचार वाईट नाही. मात्र त्या पंधरवड्यावरून उरलेल्या वर्षाचा काहीही अंदाज येत नाही, आणि येथे बिऱ्हाड टिकते की मोडते हे नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत ठरते. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: घर पसंत करण्याआधी त्या घरापर्यंतचा रस्ता, ते घर तापवण्याची सोय आणि दोघांचीही नोकरी व दवाखाना यांपासूनचे अंतर पसंत करावे. खिडकीतून डोंगर दिसतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

व्हरमाँट किती लहान आहे, हे आधी समजून घ्यावे. २०२०च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४३ हजार आहे. राजधानी माँटपेलियरमध्ये जेमतेम आठ हजार लोक राहतात आणि अमेरिकेतील ती सर्वांत लहान राज्य-राजधानी आहे. सर्वांत मोठे शहर बर्लिंग्टन, तेही सुमारे ४५ हजारांचे. बर्लिंग्टनमध्ये हिवाळाभरात सरासरी ८० इंचांच्या आसपास, म्हणजे दोन मीटर बर्फ पडतो, आणि डोंगराळ भागात याच्या दुप्पट-तिप्पट. ३० डिसेंबर १९३३ रोजी ब्लूमफील्ड या गावात उणे ५० अंश फॅरनहाइट तापमान नोंदले गेले होते. असे रोज होत नाही, पण उणे २० फॅरनहाइटची रात्र ईशान्येकडच्या गावांत कोणाला बातमी वाटत नाही.

आधी कागदपत्रे, मग खोके

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी टेप आणि खोके आणण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला पत्र लिहावे. एच-वन-बीची मंजुरी ठरावीक कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते, आणि घरून काम करणाऱ्याचे राहते घर हेच कामाचे ठिकाण मानले जाते. हे ठिकाण जुन्या महानगर क्षेत्राबाहेर जाणार असेल, तर कंपनीला नव्या ठिकाणासाठी लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे पगार व कामाच्या अटींचा श्रम खात्याकडचा अर्ज, मंजूर करून घेऊन सुधारित अर्ज दाखल करावा लागतो, आणि तो तुम्ही हलण्यापूर्वी दाखल झालेला असावा लागतो. "आमचा मॅनेजर हो म्हणाला आहे" एवढ्यावर कोणी निघू नये; मॅनेजरची परवानगी आणि सरकारी परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन कार्डासाठीचे पर्म हे श्रम-प्रमाणपत्रही नोकरीच्या ठिकाणाशी जोडलेले असते. ठिकाण बदलल्यास ती प्रक्रिया पुन्हा करावी लागू शकते, आणि भारतीयांच्या लांबलचक रांगेत उभ्या असलेल्यांनी हा प्रश्न लेखी विचारून उत्तरही लेखीच घ्यावे. हलल्यानंतर १० दिवसांच्या आत एआर-११ या अर्जाने नवा पत्ता कळवणे बंधनकारक आहे. व्हरमाँटचे लायसन्स आणि गाडीची नोंदणी यांसाठी ६० दिवसांची मुदत मिळते.

कराचा हिशेबही आधीच मांडावा. न्यूयॉर्कमधील कंपनीसाठी तुम्ही स्वतःच्या सोयीखातर व्हरमाँटमधून काम करत असाल, तर न्यूयॉर्क त्या पगारावर कर लावते. व्हरमाँट त्याची वजावट देते खरे, पण दोन राज्यांची विवरणपत्रे भरण्याचा व्याप मागे लागतोच. पूर्वेकडे कनेटिकट नदीपलीकडच्या न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, परंतु नोकरी तिकडे आणि घर इकडे असेल तर व्हरमाँट आपला कर घेते. नदीच्या कोणत्या काठावर राहायचे हे ठरवताना घरभाडे आणि हा कर एकत्र करूनच तुलना करावी.

व्हरमाँट स्थलांतरितांना पैसे देते, ही बातमी अनेकांनी ऐकलेली असते. २०१८ साली राज्याने खरोखरच कायदा करून बाहेरून येऊन घरून काम करणाऱ्यांना दोन वर्षांत मिळून १० हजार डॉलरपर्यंत खर्चाची भरपाई देण्याची योजना आणली होती. अशा योजनांचा निधी मर्यादित असतो आणि संपतो. अर्ज खुला असेल तर जरूर करावा, पण अंदाजपत्रकात तो पैसा धरू नये.

दोघांच्या नोकऱ्या, एक पत्ता

ग्रामीण राज्यात हलताना जोडप्याची खरी अडचण दुसऱ्या नोकरीची असते. एकाची नोकरी पक्की झाली की दुसरा "तिथे गेल्यावर बघू" म्हणतो, आणि तिथे गेल्यावर बघण्यासारखे फारसे नसते. त्यासाठी साधी कसोटी लावावी: दोघांपैकी कोणाचीही नोकरी गेली, तर त्याच घरात राहून पाऊण तासाच्या अंतरावर त्या क्षेत्रातील दुसरा मालक आहे का? उत्तर नाही असेल तर घर विकत घेण्याचा विचार सोडावा आणि गावही पुन्हा निवडावे.

या कसोटीवर राज्याचे दोन भाग सहज उतरतात. पहिला म्हणजे बर्लिंग्टनभोवतीची चिटेंडन काउंटी, जिथे राज्यातील सुमारे एक चतुर्थांश लोक राहतात. एसेक्स जंक्शनला पूर्वी आयबीएमचा असलेला आणि आता ग्लोबलफाउंड्रीजचा चिप कारखाना आहे. याशिवाय व्हरमाँट विद्यापीठ, त्याला जोडलेले मोठे रुग्णालय, विजेवर उडणारी विमाने बनवणारी बीटा टेक्नॉलॉजीज आणि औद्योगिक संगणक बनवणारी ऑनलॉजिक या संस्थाही याच भागात आहेत. दुसरा भाग म्हणजे अप्पर व्हॅली. व्हाइट रिव्हर जंक्शन, हार्टफर्ड, नॉर्विच ही गावे व्हरमाँटची, आणि नदीपलीकडे डार्टमथ कॉलेज व लेबनॉनचे मोठे रुग्णालय. डॉक्टर जोडप्यांसाठी आणखी एक दार आहे. जे-वन या विनिमय-व्हिसावर निवासी प्रशिक्षण केलेल्या डॉक्टरांना कॉनराड ३० योजनेखाली, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या अटीवर दोन वर्षे मायदेशी परतण्याच्या बंधनातून सूट मिळू शकते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा असतात.

ईशान्येकडील तीन काउंट्यांचा नॉर्थईस्ट किंगडम हा भाग सर्वांत सुंदर आणि सर्वांत विरळ. दोघांचीही कामे पूर्णपणे घरून चालणारी असतील तरच तिकडे पाहावे, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यानंतर, असे माझे मत आहे.

जोडीदार एच-फोर या एच-वन-बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल तर त्याला किंवा तिला काम करता येते की नाही हे ईएडी या कामाच्या परवान्यावर अवलंबून असते, आणि ते एच-वन-बीधारकाचा आय-१४० हा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर असल्याखेरीज सहसा मिळत नाही. न्यू जर्सीत कामाविना घरी बसलेल्या माणसाला निदान बस, वाचनालय आणि चार ओळखीची घरे असतात. व्हरमाँटच्या खेड्यात गाडी नसली तर हाताशी काहीच नसते. त्यामुळे दोघांचे लायसन्स आणि दोन गाड्या ही चैन समजू नये, मूळ खर्चातच धरावी. तेवढे परवडत नसेल तर बर्लिंग्टनमध्ये किंवा शेजारच्या विनूस्कीत बसच्या मार्गावर घर घ्यावे.

पाहणी कधी करावी

पहिली पाहणी ऑक्टोबरात झाली असेल तर दुसरी नोव्हेंबरअखेरीस किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करावी. नोव्हेंबरात पाने गळून गेलेली असतात आणि बर्फ अजून साचलेला नसतो. या दिवसांना येथील लोक स्टिक सीझन म्हणतात, कारण डोंगरावर फक्त काटक्या उरतात. सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. मराठी घरांत दिवाळी अनेकदा याच्याच तोंडावर येते आणि ती गेली की पुढचे आठवडे फार मोठे वाटतात. हा काळोख आपल्या दोघांना कितपत मानवतो, याची परीक्षा दोन-तीन दिवस राहिल्याखेरीज होत नाही.

मार्च-एप्रिलमधला चिखलाचा मोसम त्याहून महत्त्वाचा. व्हरमाँटमधील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. हिवाळ्यात ते गोठून दगडासारखे होतात, पण वसंतात वरचा थर वितळतो आणि खालची जमीन गोठलेलीच राहते, त्यामुळे पाणी मुरायला जागा उरत नाही. रस्त्याचा रबडा होतो. त्यात हातभर खोल चाकोऱ्या पडतात आणि त्यांत बसलेली लहान गाडी पोटावर टेकते. या काळात अनेक गावे कच्च्या रस्त्यांवर जड वाहनांना बंदी करणारे फलक लावतात, म्हणजे तुमच्या सामानाचा ट्रक, इंधनाचा टँकर आणि सांडपाण्याची सेप्टिक टाकी उपसणारी गाडी यांपैकी कोणीच दारापर्यंत येईल याची खात्री नसते. सामान हलवण्यासाठी एप्रिलमधली तारीख ठरवू नये, त्याचे कारण हेच.

रस्त्याचा वर्ग

व्हरमाँटमध्ये गावाच्या ताब्यातील रस्त्यांचे चार वर्ग असतात. पहिले तीन वर्षभर वाहतुकीस योग्य ठेवणे ही गावाची जबाबदारी असते. चौथ्या वर्गाचा रस्ता आपल्याकडच्या पाणंदीसारखा असतो: नकाशावर आहे, कागदोपत्री सार्वजनिक आहे, पण हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढायला गाव सहसा येत नाही. जाहिरातीत "शांत, एकान्तातील घर, अल्प भाडे" असे वाचले की पहिला प्रश्न हाच विचारावा: रस्ता कोणत्या वर्गाचा, आणि गावाचा प्लाउ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारा ट्रक, कुठपर्यंत येतो? घरमालकाच्या तोंडी उत्तरावर न थांबता टाउन क्लार्कच्या कार्यालयात फोन करावा. येथे जमिनीची दफ्तरे काउंटीकडे नसून प्रत्येक गावाच्या क्लार्ककडे असतात, आणि ही माणसे विचारल्यावर सविस्तर सांगतात.

रस्ता तिसऱ्या वर्गाचा असला तरी रस्त्यापासून दारापर्यंतचा ड्राइव्हवे तुमचा. तो पन्नास फुटांचा असेल तर फावड्याने भागते. तीनशे फुटांचा आणि चढाचा असेल तर प्लाउवाला ठरवावा लागतो, आणि चांगले प्लाउवाले सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरून जातात. ठरवताना मोसमाची एकरकमी बोली आहे की दर वादळाला पैसे, किती इंचांवर तो येणार आणि सकाळी किती वाजेपर्यंत, हे विचारून घ्यावे. जमीन गोठण्यापूर्वी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना नारिंगी खुणेच्या काठ्या रोवाव्यात. त्या नसल्या की प्लाउ हिरवळ उकरतो आणि त्याचा पत्ता मे महिन्यात लागतो. भाड्याच्या घरात बर्फ कोणी काढायचा हे लीजमध्ये स्पष्ट लिहून घ्यावे. अनेक गावांत हिवाळ्याच्या रात्री रस्त्याकडेला गाडी उभी करण्यास मनाई असते, त्यामुळे दोन गाड्यांना आवारात जागा आहे का हेही पाहावे.

ऊब: भाड्याइतकाच मोठा खर्च

शहरी अपार्टमेंटमध्ये भिंतीवरचे यंत्र फिरवले की खोली तापते, आणि ती कशाने तापते हे विचारायची वेळ येत नाही. व्हरमाँटमध्ये तो प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. नळाने येणारा नैसर्गिक वायू राज्याच्या वायव्य भागापुरताच आहे. बाकीकडे फ्युएल ऑइल, प्रोपेन, लाकूड, लाकडाच्या गोळ्या किंवा विजेवरचे हीट पंप. घर पाहताना मागील दोन हिवाळ्यांची इंधनाची बिले मागावीत. "हीट भाडेकरूकडे" एवढ्या दोन शब्दांत महिन्याचे शेकडो डॉलर दडलेले असू शकतात. जुने शेतघर दिसायला कितीही देखणे असले तरी भिंतीत इन्सुलेशन नसेल तर आपण बाहेरची हवा तापवत बसतो.

ऑइल आणि प्रोपेनचे व्यापारी बहुधा उन्हाळ्यातच पुढच्या हिवाळ्याचा भाव बांधून देतात. पुरवठ्याचे दोन प्रकार असतात. एकात व्यापारी अंदाजाने स्वतः येऊन टाकी भरतो, दुसऱ्यात तुम्ही फोन केल्यावर येतो. दुसऱ्यात दर थोडा कमी पडतो, पण नवख्याने पहिल्या वर्षी पहिलाच घ्यावा. टाकी रिकामी पडली तर नुसते इंधन भरून काम होत नाही. ऑइलच्या यंत्रातील हवा काढून ते पुन्हा सुरू करावे लागते, प्रोपेनच्या जोडणीची गळती तपासावी लागते, आणि तोवर नळ गोठू शकतात. प्रोपेनच्या टाकीवरचे झाकण उचलले की आत एक तबकडी दिसते. तिच्यावरचा काटा टक्के दाखवतो, आणि पूर्ण भरलेली टाकीसुद्धा ८०च दाखवते, कारण आतले द्रवरूप प्रोपेन प्रसरण पावण्यासाठी वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. काटा ३०वर आला की फोन करायचा, ही सवय दोघांनीही लावून घ्यावी; एकाच्या भरवशावर ठेवू नये.

लाकडाची शेगडी असेल तर लाकूड कॉर्डच्या मापाने मिळते. एक कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट उंच आणि चार फूट रुंद अशी रचलेली रास, १२८ घनफूट. ते वसंतातच घ्यावे म्हणजे उन्हाळाभर वाळते. ऑक्टोबरात घाईने घेतलेले ओले लाकूड धुमसते आणि चिमणीत काजळीचा जाड थर धरतो, ज्याला पुढे आग लागू शकते. चिमणी दर वर्षी साफ करून घ्यावी. हीट पंप आणि इन्सुलेशन यांवर एफिशियन्सी व्हरमाँट ही संस्था सवलती देते. भाडेकरूला त्यातले थोडेच लागू होते, पण घर घेताना तिचे संकेतस्थळ पाहिल्याखेरीज सौदा करू नये.

बर्फ पडल्यानंतर सर्वप्रथम काय साफ करायचे, असे विचारले तर बहुतेक नवखे "गाडी" म्हणतात. आधी घराच्या भिंतीतून बाहेर आलेले पांढरे नळकांडे शोधावे. आधुनिक बॉयलर आणि फर्नेस यांचा धूर त्यातूनच बाहेर पडतो. वाऱ्याने साचलेल्या बर्फाने ते बुजले तर यंत्र बंद पडते, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, ज्याला वास नसतो. प्रत्येक मजल्यावर त्याचा इशारा देणारे यंत्र चालू आहे, हे राहायला जाण्याच्या दिवशीच बटण दाबून पाहावे. हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटभोवतीचा बर्फही तेव्हाच काढावा. छपरावर साचलेला बर्फ खालच्या उबेने वितळून पन्हाळीपाशी पुन्हा गोठतो, मागचे पाणी पत्र्याखाली किंवा कौलाखाली शिरते आणि भिंतीवर ओल येते. यासाठी लांब दांड्याचे दाताळे मिळते, त्याने जमिनीवर उभे राहूनच छपराच्या कडेचा बर्फ ओढावा. शिडी लावू नये.

काही दिवस बाहेरगावी जाताना घर ५५ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सियसपेक्षा थंड होऊ देऊ नये. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालचे कपाट उघडे ठेवावे आणि नळाची बारीक धार सोडावी. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे दोघांनाही अंधारात चाचपून सापडले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत भारतात महिनाभर जाण्याचा बेत असेल, आणि तो बहुतेकांचा असतोच, तर शेजाऱ्याकडे किल्ली देऊन एक दिवसाआड घरात डोकावायला सांगावे. काही घरविम्यांत घर रिकामे असताना नळ फुटल्यास भरपाईला अटी असतात, त्या वाचाव्यात. वीज जाणे नेहमीचे आहे. बोअरवेलच्या घरात वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही गेले. वादळाचा इशारा आला की बादल्या भरून ठेवाव्यात. पाणी जाण्याच्या दिवशी बादल्या भरणे आपल्याला शिकवावे लागत नाही.

गाडी

चारही चाकांना स्नो टायर लावावेत. ऑल-व्हील-ड्राइव्हमुळे गाडी जागची हलायला मदत होते, पण बर्फावर थांबायचे काम टायरच करतात. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहावे. टायर बदलण्याच्या वेळा नोव्हेंबरात मिळत नाहीत, म्हणून ऑक्टोबरातच नाव नोंदवावे. गाडीत फावडे, ब्लँकेट, विजेरी, वाळूची पिशवी, जम्पर केबल आणि खायला काहीतरी कायम असावे. रस्त्यावरच्या मिठाने गाडीचा तळ गंजतो, तेव्हा हिवाळ्यात अधूनमधून तळ धुऊन घ्यावा.

नकाशाच्या अ‍ॅपवर येथे डोळे झाकून विश्वास ठेवू नये. स्टो आणि जेफरसनव्हिल यांच्यामधला स्मगलर्स नॉचचा घाट, म्हणजे रूट १०८चा वरचा तुकडा, हिवाळाभर बंद असतो. लिंकन गॅपही बंद असतो. चौथ्या वर्गाचे रस्ते अ‍ॅपला इतर रस्त्यांसारखेच दिसतात. मोबाइलची रेंज दऱ्यांत जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. इंटरनेटचेही तेच: घरून काम करणाऱ्यांनी "या भागात फायबर आहे" या उत्तरावर थांबू नये, त्याच पत्त्यावर जोडणी आहे का हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

हलण्याचे वेळापत्रक

सर्वांत सोयीचा महिना जून. बर्लिंग्टनमध्ये विद्यार्थ्यांमुळे अनेक लीज १ जूनला सुरू होतात, म्हणून तेथे शोध हिवाळ्यातच सुरू करावा लागतो. भाड्याची घरे एकूणच कमी आहेत आणि हा शोध तुमच्या अंदाजापेक्षा लांबेल, हे धरून चालावे. जूनमध्ये आलात तर इंधनाचा भाव बांधायला, डॉक्टर शोधायला आणि शेजाऱ्यांची ओळख व्हायला चार महिने मिळतात. नोव्हेंबरात आलात तर ही सर्व कामे बर्फात उभे राहून करावी लागतात.

नव्या रुग्णांना घेणाऱ्या फॅमिली डॉक्टरची यादी मोठी नसते आणि पहिल्या भेटीसाठी काही महिने थांबावे लागू शकते, म्हणून लीजवर सही झाली की त्याच आठवड्यात नाव नोंदवावे. मुलाचा विचार असेल तर जवळच्या रुग्णालयात प्रसूतिविभाग आहे का, हे आधी विचारावे. रुग्णालय आहे म्हणजे तो आहेच असे नाही. फेब्रुवारीच्या रात्री कळा सुरू झाल्यावर किती मैल जायचे हा प्रश्न अतिशय व्यवहाराचा आहे. पाळणाघरांच्या प्रतीक्षायाद्या लांब असतात. २०२३च्या अ‍ॅक्ट ७६ या कायद्याने पाळणाघरांसाठीचे अनुदान वाढवले, पण जागा मिळवायची तर गरोदरपणातच नाव घालावे. उन्हाळ्यात गवतात फिरून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे रोज तपासावे, कारण लाइम रोगाचे प्रमाण येथे देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांइतके आहे.

किराणा आणि माणसे

तूरडाळ, कढीपत्ता आणि पोह्यांसाठी बर्लिंग्टन-विनूस्की परिसरात फार अडत नाही. २००८ नंतर नेपाळी बोलणारे अनेक भूतानी निर्वासित येथे वसवले गेले आणि त्यांच्या दुकानांत आपल्या स्वयंपाकाचे बरेचसे सामान मिळते. त्यापलीकडच्या गावांत मात्र महिन्याची यादी करून एकदाच आणावे लागते आणि एक मोठा फ्रीझर घ्यावा लागतो. माँट्रियल दोन तासांच्या आसपास आहे आणि तिथली भारतीय दुकाने खुणावतात, पण भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. मराठी मंडळाचा गणपती बोस्टनला, म्हणजे बर्लिंग्टनहून साडेतीन तासांवर.

व्हरमाँटमधील जवळपास नव्वद टक्के लोक गोरे आहेत आणि राज्याचे सरासरी वयही देशात वरच्या क्रमांकात मोडते. पंचविशी-तिशीतल्या परदेशी जोडप्याकडे गावात लक्ष जाते. बहुतेक वेळा ते कुतूहल असते, क्वचित नसतेही. ओळखी आपोआप होत नाहीत. गावचे वाचनालय, अग्निशमन दलाचे जेवण, चर्चच्या तळघरातली विक्री, फ्रंट पोर्च फोरम या संकेतस्थळावरची शेजारपाजारची निरोपानिरोपी यांत स्वतःहून जावे लागते. मार्चच्या पहिल्या मंगळवारी अनेक गावांत ग्रामसभा भरते आणि प्लाउच्या ट्रकपासून शाळेच्या खर्चापर्यंत सर्व गोष्टींवर तेथे समोरासमोर चर्चा होते. मतदानाचा हक्क नसला तरी ती ऐकण्यासारखी असते. २०२१पासून माँटपेलियर आणि विनूस्की या दोन शहरांनी कायदेशीर वास्तव्य असलेल्या बिगर-नागरिकांनाही स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क दिला आहे. आपण त्या व्याख्येत बसतो का, हे नाव नोंदवण्यापूर्वी वकिलाला विचारावे, कारण चुकीच्या मतदानाचे परिणाम व्हिसावर होतात.

आई-वडिलांना बोलावायचे ते जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. "बर्फ बघायचा आहे" असे ते म्हणतील. त्यासाठी डिसेंबरातले आठ दिवस पुष्कळ झाले. गाडी न चालवणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला निसरड्या पायऱ्यांच्या घरात तीन महिने कोंडून ठेवणे बरे नाही.

विकत घेण्याची घाई

निदान एक पूर्ण हिवाळा आणि त्यानंतरचा चिखल भाड्याच्या घरात काढल्याखेरीज घर घेऊ नये. त्या काळात दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. पहिली, पाणी कुठे चढते. ऑगस्ट २०११मधील आयरीन वादळाने राज्यातले पूल आणि रस्ते वाहून नेले. जुलै २०२३मध्ये माँटपेलियरची बाजारपेठ पाण्याखाली गेली, आणि बरोबर एक वर्षाने प्लेनफील्डसारख्या गावांत पुन्हा पूर आला. येथील गावे नदीकाठीच वसलेली आहेत आणि लहान ओढेही काठ कापत घरापर्यंत येतात. केंद्र सरकारच्या पूरनकाशावर जागा कोरडी दिसली तरी राज्याचा नदीपट्ट्यांचा नकाशा वेगळा पाहावा. साध्या घरविम्यात पुराची भरपाई नसते, आणि केंद्राचा पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे बोअरवेल आणि सेप्टिक. पाण्यात जंतूंबरोबरच अर्सेनिक आणि युरेनियमची तपासणी करून घ्यावी, कारण येथील खडकातून ही द्रव्ये पाण्यात उतरू शकतात आणि चवीवरून कळत नाहीत. सेप्टिकचा परवाना किती शयनगृहांसाठी आहे ते कागदावर पाहावे. जाहिरातीत चार खोल्या असतात आणि परवाना दोनचाच निघतो.

घर पाहायला एप्रिलमध्ये जावे, पाऊस पडून गेल्यावर, आणि सर्वांत आधी तळघरात उतरावे. गाडी ड्राइव्हवेवर वर चढली नाही तर खाली ठेवून चालत जावे आणि दलालाला तेथेच विचारावे की शाळेची बस आणि प्रोपेनचा टँकर या दिवसांत कुठपर्यंत येतात.